सोळा नवे सेन्सर, एक जुनी लाइन

डिन रेलवर, म्हणजे पॅनलमधल्या धातूच्या पट्टीवर, सेन्सर जोडायचं मॉड्यूल बसवायला एक मिनिट लागतं. वरची कड रेलवर टेकवायची, खालून दाबायचं, टक् झालं की बसलं. हे बघून मालकाला वाटतं, तासाभराचं काम आहे. प्रत्यक्षात दीड दिवस गेला, आणि तो जवळजवळ सगळा वायरींची टोकं, आयडी आणि नावं यांच्यात गेला. नेटवर्कवर चालणारी तापमानाची सिस्टीम वाढवताना नव्या मॉड्यूलपेक्षा जुन्या लाइनकडे जास्त बघावं लागतं, ते कसं हे सविस्तर लिहितोय.

जागा म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं द्राक्षांचं पॅकहाऊस. जुन्या शेडमध्ये मुख्य युनिट होतं: इथरनेटवर चालणारं, स्वतःचं वेबपेज असलेलं, मर्यादा ओलांडली की हूटर वाजवणारं आणि मेल पाठवणारं. त्याच्या आरएस-४८५ पोर्टवर (एकाच लाइनवर अनेक उपकरणांना बोलू देणारी जोडणी) ३५ मीटरवर एक एक्सपान्शन मॉड्यूल, म्हणजे जास्तीचे सेन्सर जोडायचं मॉड्यूल, आधीच होतं. लाइनवरचा त्याचा नंबर, म्हणजे आयडी, २. आता नव्या शेडमध्ये सहा कोल्ड रूम आणि दोन प्रीकूलिंग (माल आधी गार करायच्या) खोल्या झाल्या. त्यासाठी दुसरं मॉड्यूल घ्यायचं ठरलं: आठ पीटी-१०० (तापमानाबरोबर ओहम बदलणारा सेन्सर) इनपुट तापमानाला आणि आठ ड्राय कॉन्टॅक्ट (नुसतं उघड-बंद कळवणारे) दरवाज्यांना. जुन्या मॉड्यूलपासून नव्याच्या पॅनलपर्यंत केबल ट्रेने मोजलेलं अंतर ११० मीटर. आरएस-४८५ ला १२०० मीटरपर्यंत चालतं, म्हणजे अंतराची काळजी नव्हती. काळजी होती ती वाटेतल्या कंप्रेसरच्या ड्राइव्हची, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या आणि लाइनवर गोंगाट टाकणाऱ्या उपकरणाची.

सामान असं लागलं. मॉड्यूल एक. २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं युनिट) एक, त्याच्या आधी २ अँपियरचा एमसीबी. शिल्ड (गोंगाट अडवणारं धातूचं वेष्टन) असलेली पिळाची केबल १३० मीटर, दोन जोड्यांची, १२० ओहम इम्पिडन्सची. पीटी-१०० आठ, तीन वायरचे, क्लास ए, स्टीलच्या नळीत. सेन्सरपासून पॅनलपर्यंत तीन कोअरची ०.५ स्क्वेअर एमएमची शिल्डेड केबल. दरवाज्यांचे मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट आठ, रुंद गॅपचे. १२० ओहमचे रेझिस्टर चार, कारण एक हरवतोच. पिन लग (वायरीच्या टोकाला दाबायची पिन), नंबर फेरुल (वायरीवरचा नंबर), ग्लँड (केबल डबीत घट्ट शिरवायचा तुकडा), पफचा फोम स्प्रे. आणि बर्फ. बर्फाचं काम शेवटी येतं, पण ट्रे आदल्या रात्रीच फ्रीजरला लावावा लागतो.

एसएमपीएस वेगळा कशाला, असं आमच्याच वायरमनने विचारलं. जुन्या पॅनलमधला ६० वॉटचा होता आणि त्यावर निम्मासुद्धा लोड नव्हता. पण ०.५ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरला किलोमीटरमागे सुमारे ३९ ओहम येतात. ११० मीटर जायचे आणि तेवढेच यायचे, म्हणजे २२० मीटर, साधारण साडेआठ ओहम. मॉड्यूल पाव अँपियर घेतं, त्याला दोन व्होल्टची घट चालून जाते. पण नव्या शेडला हूटरही लावायचा होता. तो वाजला की ०.६ अँपियर ओढतो, घट पाच व्होल्टच्या वर जाते आणि टोकाला १९ व्होल्टही उरत नाहीत. रोज मॉड्यूल चालतंय, आणि नेमका अलार्म वाजताना अडखळतंय, असला दोष शोधायला महिने जातात. म्हणून पुरवठा तिथल्या तिथे, आणि तोही यूपीएसवरून. महावितरणचा पुरवठा जाऊन जनरेटर येईपर्यंतचे दहा-पंधरा सेकंद हे या सिस्टीमसाठी रोजचंच आहे.

कामाची सुरुवात जुन्या पॅनलपासून नाही, टेबलावरून केली. नवीन मॉड्यूल लाइनवर जोडायच्या आधी एकट्याने चालवून बघायचं. फॅक्टरीतून येणाऱ्या बहुतेक मॉड्यूलचा स्लेव्ह आयडी १ असतो, बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग, ९६००. दोन मॉड्यूल एकाच आयडीने लाइनवर आले की दोघं एकदम उत्तर देतात आणि मुख्य युनिटला दोघांचं मिळून काहीच कळत नाही. गंमत म्हणजे अशा वेळी नव्यापेक्षा जुनंच बंद पडल्यासारखं दिसतं, आणि लोक जुन्याला खोलून बसतात. यूएसबी ते ४८५ कन्व्हर्टर लावून लॅपटॉपवर आयडी ३ केला. आमच्या मॉड्यूलला डिप स्विच (छोटे चालू-बंद खटके) होते: ३ साठी १ आणि २ नंबरचे वर, बाकी खाली. स्विच हलवून काहीच बदललं नाही, कारण मॉड्यूल स्विच फक्त सुरू होताना वाचतं. पुरवठा काढून परत दिला, आयडी बदलला.

पॅरिटी, म्हणजे प्रत्येक अक्षराबरोबर जाणारा चूक ओळखायचा बिट, हीही तिथेच बघून घ्यावी. मॉडबसच्या (ही उपकरणं लाइनवर जी भाषा बोलतात तिच्या) मूळ नियमात इव्हन पॅरिटी आहे, पण बाजारातली बरीच मॉड्यूल नो पॅरिटीवर येतात. जुनी लाइन इव्हनवर होती, नवीन नोवर. बॉड रेट जुळलेला, आयडी बरोबर, वायरी बरोबर, तरी एक अक्षर येत नाही, अशा वेळी निम्म्या वेळा हीच भानगड असते. आम्ही नव्याला इव्हनवर आणलं. जुन्या चालत्या लाइनला हात लावायचा नाही, नव्याने जुन्याशी जुळवून घ्यायचं.

टेबलावरच इनपुट एकला साधा १०० ओहमचा १ टक्केवाला रेझिस्टर लावला. पीटी-१०० चा नियम सोपा: शून्य अंशाला १०० ओहम, पुढे अंशामागे ०.३८५. म्हणजे स्क्रीनवर शून्याच्या अडीच अंश इकडे-तिकडे यायला हवं. ०.४ आलं. मॉड्यूल बरं आहे, पुढे काही बिघडलं तर दोष बाहेरचा आहे, एवढं पक्कं झालं.

मग मुख्य युनिट. हात लावण्याआधी त्याच्या वेबपेजवरून कॉन्फिगरेशनचा बॅकअप लॅपटॉपवर घेतला, शिवाय सेन्सरची नावं, मर्यादा आणि अलार्मचे मोबाइल नंबर यांच्या पानांचे फोटो. बॅकअपची फाइल परत चढत नाही असं ऐन वेळी कळतं, फोटो मात्र वाचता येतात. फर्मवेअर जुनं होतं आणि दुसरं एक्सपान्शन मॉड्यूल ओळखायला नवं लागत होतं. ते चढवताना पुरवठा जाता कामा नये, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी बघितली. अपडेटनंतर घड्याळ पुसलं गेलं होतं. टाइम झोन पुन्हा साडेपाच तासांवर आणला नसता तर रात्री दोनचा अलार्म नोंदीत आदल्या संध्याकाळचा दिसला असता, आणि निर्यातदाराने तापमानाचा आलेख मागितला की उत्तरं देत बसावं लागलं असतं.

सिस्टीम बंद असेल तेवढा वेळ जुन्या शेडमध्ये एक मुलगा हातातलं थर्मामीटर आणि वही घेऊन दर अर्ध्या तासाने फेरी मारत होता. माल आत असताना हे टाळू नये. शक्यतो हे काम हंगामाआधी, डिसेंबरात उरकावं. जानेवारीत ट्रक लागायला लागले की पॅनलपाशी उभं राहायलाही जागा मिळत नाही.

आता लाइन. आरएस-४८५ ची लाइन माळेसारखी जाते: मुख्य युनिट, तिथून पहिलं मॉड्यूल, तिथून दुसरं. मध्येच फांदी काढायची नाही. आमच्याकडे जुन्या मॉड्यूलला पोचण्याआधी एक जंक्शन बॉक्स होता. तिथून नव्या शेडकडे फाटा काढला असता तर ३० मीटर केबल वाचली असती. वायरमनचं म्हणणं तेच होतं. ९६०० वर ती फांदी कदाचित चाललीही असती, पण फांदीच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो, आणि शेजारी ड्राइव्ह असताना मुळातल्या गोंगाटात ती आणखी भर. तीस मीटर केबलच्या पैशासाठी हे करू नये. नवीन केबल जुन्या मॉड्यूलच्या त्याच दोन टर्मिनलांतून पुढे काढली. एका टर्मिनलमध्ये दोन वायरी जाणार, म्हणून दोन वायरींचा एकत्र पिन लग वापरला. नुसत्या दोन तारा पिळून स्क्रूखाली घातल्या तर एक घट्ट बसते आणि दुसरी महिन्याने ढिली होते.

लाइनच्या दोन वायरींची नावं ए आणि बी, आणि त्यांचा गोंधळ सगळीकडे आहे. एका कंपनीचा ए तो दुसऱ्या कंपनीचा बी. कुठे प्लस-मायनस लिहिलेलं असतं, कुठे डी-शून्य आणि डी-एक. नावावर जाऊ नका, मीटर लावा. लाइन रिकामी असताना, म्हणजे कोणी बोलत नसताना, जुन्या मॉड्यूलवर कुठलं टर्मिनल दुसऱ्यापेक्षा वर आहे ते बघितलं आणि नव्याचंही वरचं टर्मिनल शोधून दोन्ही एकाच रंगाच्या वायरीने जोडले. उलटं लागलं तरी काही जळत नाही, पण उलट जोडलेलं एक मॉड्यूल सगळी लाइन गप्प करू शकतं. तिसरी वायर कॉमनची. ती टाळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण टेबलावर दोन वायरींवरही चालतं. पण इथे दोन शेड, दोन एसएमपीएस, दोन अर्थिंग. दोघांच्या शून्यात फरक पडतो, आणि ४८५ ची चिप उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या पलीकडचा फरक सहन करत नाही. दुसऱ्या जोडीतली एक तार कॉमनला दिली. शिल्ड फक्त मुख्य पॅनलच्या बाजूला अर्थ केली, नव्या बाजूला कापून टेप लावली. दोन्हीकडे अर्थ केली की तीच दोन शेडमधली वीजवाहिनी होते.

इथे आमचं अडलं. नवीन मॉड्यूल जोडल्यावर दोन्ही मॉड्यूल दिसली, पण दहा-पंधरा मिनिटांतून एकदा दोन्हींवर एकदम ‘नो रिस्पॉन्स’. मग पुन्हा ठीक. पहिला संशय ड्राइव्हवर गेला, केबल ट्रे उघडून पॉवर केबलपासूनचं अंतर मोजून झालं. एक फूटभर अंतर होतं, जिथे ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांडलेलं होतं. मग सगळ्यांचा पुरवठा बंद करून ए आणि बी मध्ये मीटर ओहमवर लावला. ४१.

हा आकडा पाठ असला की अर्धा दिवस वाचतो. लाइनच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल परत फिरू नये म्हणून लावलेला रेझिस्टर, असतं. दोन १२० समांतर, म्हणजे मीटरवर ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचं विसरलंय. ४० आले तर कुठेतरी तिसरं आहे. आणि तिसरं कुठे असणार? जुनं मॉड्यूल आजवर लाइनचं टोक होतं. त्याच्या आत जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या तुकड्याने) १२० लावलेले होते आणि आता ते टोक राहिलं नव्हतं, मधलं झालं होतं. जंपर काढला, मीटरवर ६१.

चाळीसने बिघडतं का, हेही सांगतो. लाइन रिकामी असताना ती ठरलेल्या बाजूला झुकलेली राहावी म्हणून मुख्य युनिटमध्ये दोन बायस रेझिस्टर असतात. पाच व्होल्ट आणि ६८० ओहमचे दोन धरले, तर ६० ओहमवर साधारण २१० मिलिव्होल्ट पडतात. ४० वर जेमतेम १४० ते १४५. साध्या रिसीव्हरला २०० च्या वर असलं तरच ‘एक’ नक्की कळतो, त्याखाली तो काहीही समजू शकतो. म्हणून लाइन पूर्ण मरत नव्हती, अधूनमधून अडखळत होती. जवळच्या एखाद्या ड्राइव्हने थोडा वेग बदलला की तेवढं निमित्त पुरत होतं. ड्राइव्हचा दोष होताच, पण शिक्षा त्याला देऊन उपयोग नव्हता.

आणखी एक मोजमाप. एका मॉड्यूलचे आठ तापमान रजिस्टर (मॉड्यूलमधल्या आकडे ठेवायच्या जागा) विचारायला ८ बाइट जातात आणि २१ येतात. ९६०० वर एका बाइटला सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे सगळी देवाणघेवाण ३०-३५ मिलिसेकंदांची. वेग वाढवायची काहीच गरज नसते, उलट लांब लाइनवर हळू बोललेलं बरं. पण एखादं मॉड्यूल उत्तर देत नसेल तर मुख्य युनिट एक सेकंद वाट बघतं, तीनदा विचारतं, आणि तोवर बाकीचेही ताटकळतात. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणला. ज्या मॉड्यूलला अजून वायरी लागलेल्या नाहीत ते यादीत ‘चालू’ ठेवू नये, एवढंच.

सेन्सरच्या वायरींना तीन कोअर का, ते आकड्यानेच पटतं. नव्या शेडमधली सगळ्यात लांबची खोली पॅनलपासून ४० मीटर. दोन वायरींवर जाऊन-येऊन ८० मीटर तांबं, तीन ओहमच्या वर. पीटी-१०० ला तीन ओहम म्हणजे आठ अंश! तिसऱ्या वायरीवरून मॉड्यूल हा वायरींचा भाग मोजून वजा करतं. पण ते तिन्ही वायरी सारख्या आहेत असं धरूनच वजा करतं. त्यामुळे एका टोकाचा स्क्रू ढिला राहिला, ०.४ ओहम जास्त आले, की एक अंशाची चूक. द्राक्षं उणे अर्धा ते शून्यावर ठेवायची असतात आणि मणी उणे दोनच्या आसपास गोठायला लागतात. मध्ये जागाच दीड अंशाची आहे, त्यातला एक अंश स्क्रूने खाऊन चालत नाही. प्रत्येक टोकाला पिन लग, आणि स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघायची. वायर ओढताना जोडणारा माणूस आणि ओढणारा माणूस वेगळा असला तर जास्त ढिल्या वायरी सापडतात.

सेन्सरची जागा परतीच्या हवेच्या बाजूला घेतली, पंख्याच्या थेट समोर नाही. समोर लावला की डीफ्रॉस्टच्या (कॉइलवरचा बर्फ वितळवायच्या) वेळी तो चार-पाच अंश उडी मारतो आणि लोक अलार्मकडे दुर्लक्ष करायला शिकतात. प्रीकूलिंगमध्ये मात्र हवेचा एक सेन्सर पुरेसा नाही. हवा शून्यावर आली तरी पेटीतला मणी अजून गरम असतो, तो वेगळ्या टोकदार प्रोबने बघावा लागतो. आमच्या आठांत त्याला जागा नव्हती, तिथे हातातलं मीटरच चालतंय. तापमानाचे सोळा इनपुट असलेलं मॉड्यूल घ्यायला हवं होतं, हे आता वाटतं.

पफ पॅनलला, म्हणजे खोलीच्या फोम भरलेल्या भिंतींना, पाडलेल्या भोकांवर घाई नको. केबल आत गेली की बाहेरची दमट हवा त्याच नळीतून आत शिरते आणि गार जागी पाणी होते, मग बर्फ. आठवड्याभराने सेन्सरच्या डबीत पाणी सापडतं. नळीची दोन्ही तोंडं फोमने भरली, डबीचा ग्लँड खालच्या बाजूला ठेवला, आणि आत जाण्याआधी केबलला खाली एक वळसा दिला म्हणजे पाणी वळशावरून ठिबकतं. आत द्राक्षांबरोबर बुरशी रोखणारे सल्फरचे पॅड असतात. त्यातला वायू ओलाव्याबरोबर तांब्याला हिरवं करतो. म्हणून मॉड्यूल आणि सगळी टर्मिनलं बाहेर, खोलीत फक्त स्टीलची नळी आणि बंद डबी.

दरवाज्यांचं काम लवकर झालं. बंद दरवाज्याला सर्किट पूर्ण, उघडल्यावर तुटतं, असंच जोडावं. मग उंदराने वायर कुरतडली तरी ‘दरवाजा उघडा’ असा अलार्म येतो. उलट जोडलं तर तुटलेली वायर कायमचा बंद दरवाजा दाखवते. सरकत्या दरवाज्याला दोन-तीन सेंटिमीटरचा खेळ असतो, म्हणून छोटा कॉन्टॅक्ट टिकत नाही. अलार्मला चार मिनिटांची उशीर-वेळ दिली, कारण पॅलेट आत जायला तेवढा वेळ लागतोच.

नव्या मॉड्यूलची नोंद मुख्य युनिटमध्ये करताना दोन जागी घसरायला होतं. मॅन्युअलमध्ये रजिस्टर ३०००१ पासून लिहिलेले असतात, युनिटला मात्र शून्यापासून हवे असतात. एकाने चुकलं की आकडे येतात, व्यवस्थित येतात, फक्त प्रत्येक खोलीवर शेजारच्या खोलीचे. दुसरी जागा म्हणजे ऋण चिन्ह. मॉड्यूल तापमान दहाने गुणून पाठवतं: उणे ०.८ म्हणजे उणे ८. रजिस्टर सोळा बिटांचा असतो. युनिटला ‘साइन्ड’ (आकडा ऋणही असू शकतो) सांगितलं नाही तर तो त्याला ६५५२८ वाचतो आणि स्क्रीनवर ६५५२.८ अंश. खोली शून्याच्या वर असेतोवर सगळं ठीक दिसतं. दुपारी चाचणी करून घरी गेलेल्यांना हे रात्री कळतं, खोली शून्याखाली गेली की. म्हणून एका इनपुटवर ९८ ओहम देऊन बघावं, उणे पाचच्या आसपास यायला हवं.

रजिस्टर एकाने सरकल्याचं आणखी वाईट असं की सगळ्या खोल्या शून्याच्या आसपासच असतात. पाचचा आकडा सहावर दिसला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, पाचचा पंखा बंद पडेपर्यंत. त्यावर उपाय एकच, मूठ: सेन्सर मुठीत धरून गरम करायचा आणि कुठला आकडा हलतो ते बघायचं. एक जण खोलीत, एक स्क्रीनपाशी, दोघांचे फोन चालू.

‘भाऊ, तीनमध्ये धरला.’

‘थांब... तीन हलतोय. दोन पॉइंट चार, चार पॉइंट एक. सोड.’

‘चारमध्ये धरला.’

‘चार शांत आहे. पाच वाढतोय रे.’

‘पाचला तर कोणी नाही.’

रजिस्टर सरकला असता तर तीनही चुकीचा आला असता. म्हणजे अदलाबदल टर्मिनलवर. पॅनल उघडलं तर चार आणि पाचच्या वायरी उलट बसलेल्या, नंबर फेरुल मात्र बरोबर. फेरुल आधी घातला होता आणि केबल नंतर ओढली होती. म्हणून कागदावरच्या टिकांवर विश्वास ठेवायचा नाही, आठही सेन्सर मुठीत धरून बघायचे, आठही दरवाजे एकेक उघडायचे. पाऊण तास लागतो. फोन लागत नसेल तर खोलीच्या पफ भिंतींमुळे, मग एक जण दारात उभा करायचा.

आता बर्फ, सेन्सर शून्यावर तपासायला. आरओच्या पाण्याचा बर्फ कुटून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरायचा, वर थंड पाणी इतकंच की फटी भरतील. बर्फ तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं, काढा. नळी पाच-सहा सेंटिमीटर आत, तळाला टेकू द्यायची नाही. दहा मिनिटं. क्लास ए सेन्सरला शून्यावर ०.१५ ची सूट आहे. आमचे सहा सेन्सर उणे ०.१ ते अधिक ०.२ मध्ये आले. एक ०.९ दाखवत होता. ऑफसेट, म्हणजे आकड्यातली ठरावीक दुरुस्ती, टाकून तो शून्यावर आणणं सोपं होतं, पण आधी त्याची टर्मिनलं उघडली. एका लगमध्ये तारेचे निम्मे धागे बाहेर राहिले होते. नवा लग, ०.१. ऑफसेट हे सेन्सरसाठी आहे, ढिल्या वायरीसाठी नाही. आठवा १.३ दाखवत राहिला, टर्मिनलं दोनदा बघूनही. तो सरळ बदलला.

मर्यादा अशा ठेवल्या: वर १.५, खाली उणे १.२, परत येताना ०.३ चा फरक, आणि वीस मिनिटं सलग राहिलं तरच अलार्म. डीफ्रॉस्ट त्यात बसून जातं. खालच्या मर्यादेला मात्र पाचच मिनिटं, कारण गोठलेला मणी परत येत नाही. सेन्सर तुटला तर आमचं मॉड्यूल ८५० दाखवतं, शॉर्ट झाला तर उणे २००. या दोन्हींसाठी वेगळा संदेश लावला, नाहीतर ‘खोली ८५० अंश’ असा मेल वाचून रात्रपाळीचा माणूस हसतो आणि झोपतो.

शेवटी मुद्दाम बिघाड केले. नव्या मॉड्यूलचा एमसीबी पाडला: दीड मिनिटात ‘संपर्क तुटला’ आला. मुख्य युनिटची नेटवर्क केबल काढली: हूटर वाजला, मेल अर्थातच आला नाही, तो केबल परत लावल्यावर आला. पूर्ण पुरवठा काढून जनरेटर चालू केला. इथे एक गोष्ट निघाली. मुख्य युनिट चाळीस सेकंदांत उठत होतं आणि नेटवर्कचा स्विच उठायला दोन मिनिटं घेत होता, त्यामुळे पहिला मेल कायम हरवत होता. सुरू झाल्यावर तीन मिनिटं थांबून मगच पहिला संदेश पाठवायचा, असं सेटिंगमध्ये मिळालं.

रात्रभर चालू ठेवून सकाळी संपर्कचुकांचा काउंटर बघितला. जंपर काढायच्या आधी एका तासात ३८ होत्या, रात्रभरात २. पॅनलच्या दाराला आतून कागद चिकटवला, त्यावर तेलकट हात लागणार म्हणून वरून पारदर्शक टेप: ‘९६००, इव्हन. आयडी २ जुनी शेड, १२० काढलेला. आयडी ३ नवी शेड, लाइनचं टोक, १२० इथे. पुढचं मॉड्यूल जोडताना हा काढून पुढे न्यावा. ए-बी मध्ये ६१ ओहम.’ खाली तारीख.